बोलिंगच्या गोळ्याची भोके

बोलिंग म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे क्रिकेटचे मैदान उभे राहते. आज ज्या बोलिंगविषयी मी बोलणार आहे, त्याचा क्रिकेटशी संबंध नावापुरताच. हा खेळ छपराखालचा. अमेरिकेत तो गावोगाव चालतो, आणि आपल्याकडेही मुंबई-पुण्याच्या मॉलमध्ये त्याच्या चार-सहा पट्ट्या मांडलेल्या पाहायला मिळतात. पट्टी म्हणजे सुमारे साडेतीन फूट रुंदीची, गुळगुळीत फळ्यांची लांबलचक वाट. तिच्या एका टोकाला खेळाडू उभा राहतो. त्याच्या पायाशी आखलेल्या रेषेपासून 60 फुटांवर पहिली पिन, आणि तिच्यामागे त्रिकोणात मांडलेल्या आणखी नऊ. पिन म्हणजे बारीक मानेची, फुगीर पोटाची बाटलीच म्हणा ना. गोळा पट्टीवरून घरंगळत सोडायचा आणि दोन फेकींत दहाही पिना लोळवायच्या. खेळ एवढाच.

आता हा गोळा कसा असतो ते पाहू. वजन जास्तीत जास्त 16 पौंड. आपल्याकडे पुरुषांच्या गोळाफेकीत जो लोखंडी गोळा वापरतात त्याचे वजन नेमके तेवढेच, 7.26 किलो. पण तो गोळा तळहातावर मावतो. हा साडेआठ इंच व्यासाचा, एखाद्या मध्यम कलिंगडाएवढा. तो एका हाताने धरायचा, मागे झोका द्यायचा आणि पुढे सोडायचा म्हणजे त्याला कुठेतरी धरायला जागा हवी. म्हणून त्याला तीन भोके असतात. एक अंगठ्याचे, एक मधल्या बोटाचे आणि एक अनामिकेचे.

मॉलमध्ये घडवंचीवर जे गोळे मांडलेले असतात, त्यांची भोके कोणाच्याच बोटांची नसतात. येईल त्याची बोटे जावीत म्हणून ती ऐसपैस पाडलेली असतात. भाड्याच्या सायकलीची सीट जशी कोणालाच बरोबर बसत नाही, तसा तो प्रकार. हौसेने तासभर खेळणाऱ्याचे त्यावर भागते. पण जो आठवड्यातून दोनदा-तीनदा खेळतो, संघातून सामने खेळतो, तो स्वतःचा गोळा घेतो. आणि गंमत अशी की कारखान्यातून हा गोळा भोकांशिवायच येतो. अगदी अखंड. बोलिंगच्या दालनाला लागूनच बहुधा एक छोटे दुकान असते, त्याला प्रो शॉप म्हणतात. तिथला कारागीर गिऱ्हाइकाच्या हाताचे माप घेतो आणि त्या मापाने भोके पाडून देतो. शिंप्याकडे माप देऊन सदरा शिवून घ्यावा, तशातला हा व्यवहार.

सदरा घट्ट झाला तर शिवण उसवता येते. गोळ्यात एकदा पाडलेले भोक कसे उसवणार? आज मला जे सांगायचे आहे ते ह्याच प्रश्नाविषयी. जुनी भोके बुजवून त्याच गोळ्याला नवी भोके पाडता येतात, आणि अमेरिकेत हे काम रोजचे आहे. पण ते वरून दिसते तितके साधे नाही, आणि प्रत्येक वेळी ते करणे शहाणपणाचेही नसते.

प्रथम, ही वेळ येते कधी? कोणी जुना गोळा विकत घेतो. कोणाला वडिलांचा गोळा मिळतो. शाळकरी मुलाचा हात वर्षभरात वाढतो. उलट साठीच्या गृहस्थांची बोटे संधिवाताने जाड होतात आणि काल आत जाणारा अंगठा आज अडकतो. कधी खेळण्याची पद्धतच बदलते. नवखा खेळाडू मधली दोन बोटे दुसऱ्या सांध्यापर्यंत आत घालतो. गोळा हातात पक्का राहतो, म्हणून सुरुवातीला तेच बरे. पुढे हात तयार झाला की तो बोटांची फक्त टोके, म्हणजे पहिल्या सांध्यापर्यंतचाच भाग, आत घालू लागतो. त्यामुळे गोळा सोडताना बोटांनी त्याला उचल देता येते, फिरकी वाढते. पण बोटे कमी आत गेली म्हणजे अंगठ्याच्या भोकापासून बोटांच्या भोकांपर्यंतचे अंतर वाढायला हवे. हा फरक चांगला बोटाच्या एका पेराएवढा असतो. जुनी भोके मग कामाची राहत नाहीत.

ह्या अंतराला तिकडे स्पॅन म्हणतात. आपला वीत हा शब्द त्याच्या जवळचा. फरक इतकाच, की आपली वीत करंगळीपर्यंत मोजतात आणि ही मधल्या बोटापर्यंत आणि अनामिकेपर्यंत, दोन्ही वेगवेगळी. सगळ्या मापांत हे माप महत्त्वाचे. वीत लांब झाली तर हात ताणला जातो, अंगठा भोकाच्या कडेवर घासतो आणि मनगटावर ताण येतो. आखूड झाली तर तळहात आणि गोळा ह्यांच्यामध्ये पोकळी राहते, गोळा हातातून निसटेल असे वाटते, आणि माणूस नकळत मूठ आवळतो. जुने जाणते खेळाडू एक सोपी परीक्षा सांगत आले आहेत. बोटे भोकात घालून गोळा धरा आणि तळहाताखालून एक पेन्सिल सरकवून पाहा. ती किंचित घासत, पण अडकल्याशिवाय गेली पाहिजे. ही परीक्षा बोटे खोलवर घालणाऱ्यांसाठी.

वितीखेरीज दुसरे माप असते भोकाच्या कलाचे. भोक गोळ्याच्या बरोबर मध्यबिंदूकडे रोखलेले असले तर कल शून्य. अंगठ्याचे भोक तळहाताकडे कलते असले तर अंगठा आत धरून राहतो, उलट बाजूला कलते असले तर तो चटकन सुटतो. हा कल इंचाच्या आठव्या-सोळाव्या भागात मोजतात. भोकाच्या व्यासाचे माप तर त्याहून बारीक, इंचाच्या चौसष्टाव्या भागाचे, म्हणजे मिलिमीटरच्याही निम्म्याहून कमी. एवढी बारकाई कशासाठी, असे कोणी विचारील. पण संध्याकाळभर खेळताना हा सात किलोचा गोळा माणूस साठ-सत्तर वेळा तरी फेकतो. जोड्यातला एक खडा मैलभर चालल्यावर काय करतो ते आपल्याला ठाऊक आहे.

चुकीच्या भोकाने नुसते फोड येतात आणि घट्टे पडतात एवढ्यावर भागत नाही. अंगठ्याच्या आतल्या बाजूने, म्हणजे तर्जनीकडच्या अंगाने, एक मज्जातंतू कातडीच्या अगदी जवळून जातो. भोकाची कड त्यावर पुन्हापुन्हा दाबली गेली की त्याच्याभोवती गाठ धरते, अंगठ्याला मुंग्या येतात, टोक बधिर होते. डॉक्टरांनी ह्या दुखण्याला बोलरचा अंगठा असेच नाव दिले आहे. 1972 साली अमेरिकेतल्या अस्थिशल्यचिकित्सेच्या एका नियतकालिकात अशा 17 रुग्णांची हकीकत छापून आली होती. ह्या दुखण्यावरचा पहिला उपाय शस्त्रक्रिया नव्हे. खेळ काही दिवस थांबवायचा, अंगठ्याला संरक्षक टोपी घालायची, आणि भोक बदलायचे. म्हणजे ज्याला आपण सुताराचे काम समजतो, ते इथे जवळजवळ औषध म्हणून सांगितले जाते.

तर आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. भोक बुजवायचे म्हणजे दाताच्या डॉक्टरने दात भरायचा तसेच. आधी पोकळी साफ करायची, मग भरायची, मग वरून घासून सारखी करायची. दातांच्या कामासारखेच इथेही निम्मे यश सफाईवर अवलंबून असते.

आजकालच्या गोळ्यांत बोटांच्या भोकात रबरासारख्या मऊ नळ्या चिकटवलेल्या असतात आणि अंगठ्याच्या भोकात कडक प्लॅस्टिकचा एक दंडगोल बसवून त्यात अंगठ्यापुरते भोक पाडलेले असते. हे सगळे आधी काढावे लागते. नळ्या उपटून निघतात. दंडगोल पक्का चिकटलेला असतो, तो ड्रिलने कोरूनच काढावा लागतो. मग येते तेलाची भानगड. बोलिंगच्या पट्टीवर तेलाचा पातळ हात दिलेला असतो, आणि हल्लीच्या गोळ्यांचे कवच सूक्ष्म छिद्रांचे असल्याने ते तेल पिते. वर्षानुवर्षे खेळलेल्या गोळ्यात ते चांगले मुरलेले असते. तेलकट भिंतीला रंग धरत नाही, तसा तेलकट भोकात भराव धरत नाही. म्हणून गोळा कोमट उष्णतेने तापवून किंवा गरम पाण्यात ठेवून त्यातले तेल बाहेर काढतात, पुसतात, आणि भोकाची आतली बाजू खरखरीत करून घेतात. गुळगुळीत भिंतीवर गिलावा बसावा म्हणून गवंडी तिला टाचे मारतो, तेच हे.

भराव म्हणजे दाट पाकासारखे रेझिन. त्यात हार्डनर मोजून घातला की ते घट्ट होऊ लागते. गॅरेजमध्ये मोटारीच्या पत्र्याला लांबी भरताना किंवा फायबरची मूर्ती ओतताना आपल्याकडे हेच करतात, आणि कारखान्यातला तो नाकात झोंबणारा वासही तोच. हार्डनर किती घालायचा ह्यात सगळी मेख आहे. कमी पडला तर भराव आतून मऊ राहतो. जास्त झाला तर रेझिन घट्ट होताना इतके तापते की भरावाला तडा जातो, आणि कधीकधी भोवतालच्या गोळ्यालाही. खोल भोक एका दमात भरले तरी हाच धोका असतो. म्हणून सावध कारागीर दोन थरांत भरतात. पहिला थर ओतला की थोडे थांबायचे, बुडबुडे वर येऊ द्यायचे, एखाद्या काडीने ते फोडायचे, मग दुसरा.

भोकाभोवती चिकटपट्टीची भिंत उभी करून रेझिन वरपर्यंत, किंबहुना थोडे जास्तच भरतात. रेझिन घट्ट होताना आकसते. काठोकाठ भरले तर मध्ये खळगा पडायचा. जास्त भरल्याने वर एक टेंगूळ राहते ते चालते. काढून टाकणे सोपे, भर घालणे अवघड.

हे काही तासांत टणक होते. घाई नसलेला कारागीर ते रात्रभर तसेच राहू देतो, आणि माझ्या मते गिऱ्हाइकाने कारागिराची पारख करायची तर ह्याच गोष्टीवरून करावी. तासाभरात भरून, पाडून हातात देतो म्हणणाऱ्याकडे गोळा न दिलेला बरा. ताजा भराव आतून पुरता थंड झालेला नसतो. त्यातच ड्रिल घातले तर मापे हलतात.

टेंगूळ कापून टाकल्यावर घासण्याचे काम. इथे नवशिक्याची फसगत होते. नुसता भरावच घासत बसले तर तेवढ्या जागी गोळा चपटा होतो. साडेआठ इंचांच्या गोळ्यात केसभर चपटेपणाही पट्टीवर जाणवतो. म्हणून गोळा फिरत्या वाटीत ठेवून, सगळ्या बाजूंनी फिरवत फिरवत, आधी जाड आणि मग बारीक पॉलिश पेपरने पूर्ण गोळाच घासून काढतात. काही गिऱ्हाइके भरावाला गोळ्याच्या रंगाचा रंग मागतात. तसा रंग मिसळता येतो, पण जाणत्याच्या नजरेला ठिगळ दिसायचेच.

हे सारे वाचून कोणाला घरी करून पाहण्याची हौस वाटली तर एकच सांगतो. ह्या रेझिनबरोबर येणारा हार्डनर डोळ्यांत उडाला तर दृष्टीला धोका असतो. चष्मा आणि मोकळी हवा ह्यांशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये.

आता नवी भोके. जुने भोक बुजले म्हणजे गोळा पुन्हा कोरा झाला, असे वाटते. तसे नसते. गोळ्याचे कवच एका पदार्थाचे, भराव दुसऱ्या पदार्थाचा, आणि दोघांचा टणकपणा वेगळा. नवे भोक पूर्णपणे भरावातच पडले तर ठीक. पूर्णपणे अस्पर्श जागेत पडले तर त्याहून ठीक. अडचण होते ती अर्धे इकडे आणि अर्धे तिकडे पडले तर. ड्रिलचे टोक मऊ बाजूकडे ओढ घेते आणि भोक आखल्यापेक्षा जरासे सरकते. शिवाय जुन्या भरावाची एक पातळ चंद्रकोर नव्या भोकाच्या कडेला उरते. ती पुढेमागे कपचा होऊन निघते, आणि नेमकी अंगठ्याच्या बाजूला असली तर कातडी सोलते.

ह्यावर कारागिरांनी एक चांगली युक्ती काढली आहे. अंगठ्याचे भोक थोडेसेच सरकवायचे असेल तर ते मोठ्या व्यासाच्या ड्रिलने पाडायचे, जुना भराव त्यात पुरता नाहीसा होतो. मग त्यात तो मघाचा प्लॅस्टिकचा दंडगोल चिकटवायचा आणि अंगठ्याचे खरे भोक त्या दंडगोलात, हव्या त्या जागी, हव्या त्या कलाने पाडायचे. पुढच्या वेळी माप बदलले तर दंडगोल तेवढा बदलला की झाले. हल्ली तर काही दंडगोल स्क्रूसारखे काढता-घालता येतात, म्हणजे एकच अंगठा चार गोळ्यांना पुरतो.

बोटांच्या दोन भोकांमध्ये जी भिंत राहते तिची जाडी जेमतेम पाव इंच असते. जुन्या गोळ्यांना पहिला तडा जातो तो बहुतेक इथेच. बुजवून पाडलेल्या गोळ्यात ही भिंत निम्मी जुनी आणि निम्मी भरावाची झाली तर ती फार दिवस टिकेल अशी आशा करू नये. अशा वेळी कारागीर गोळा फिरवून घेतो आणि सगळी भोके नव्या जागेत, बुजवलेल्या भोकांपासून दूर पाडतो. मग गोळ्यावर तीन गोल ठिगळे आणि तीन नवी भोके दिसतात. दिसायला विचित्र, पण मजबूत.

भोके पाडून झाल्यावर कडा गोलसर करणे राहते. हे काम यंत्राचे नव्हे, हाताचे. थोडे घासायचे, गिऱ्हाइकाला अंगठा घालून पाहायला सांगायचे. "कसं वाटतंय?" "वरच्या बाजूला लागतंय जरा." पुन्हा घासायचे. चांगला कारागीर ह्यात अर्धा तास घालवतो. खेळताना अंगठा सुजतो, उन्हाळ्यात फुगतो, थंडीत आकसतो. म्हणून भोक किंचित सैल ठेवून आत कापडी चिकटपट्टीचे तुकडे लावतात आणि खेळता खेळता एखादा काढतात, एखादा घालतात. इतका हा अंगठा लाडावलेला असतो.

इथपर्यंत हाताची गोष्ट झाली. आता गोळ्याची. आपली समजूत अशी असते की गोळा आतून एकजिनसी असतो. पूर्वी तो जवळजवळ तसा असे. आधी लिग्नम व्हिटी नावाच्या जड लाकडाचा, मग 1914 पासून ब्रन्सविक कंपनीने बाजारात आणलेल्या कठीण रबराचा, पुढे प्लॅस्टिकचा. आजच्या सामन्यांच्या गोळ्याच्या पोटात मात्र एक गाभा असतो, जड पदार्थाचा आणि मुद्दाम वेडावाकडा घडवलेला. त्यामुळे गोळा फिरकी घेत पुढे जाताना त्याचा फिरण्याचा आस हळूहळू सरकतो आणि दर फेऱ्याला गोळ्याचा नवा, तेल न लागलेला भाग पट्टीला टेकतो. कोरडा भाग टेकला की पकड मिळते, आणि गोळा शेवटच्या वीस फुटांत वळण घेऊन पिनांत घुसतो. पंधरा पौंडांचा गोळा खेळून आला की त्यावर तेलाच्या रेघा पंख्यासारख्या उमटलेल्या दिसतात, त्या ह्याच कारणाने.

भोके पाडल्याने ह्या गणितात ढवळाढवळ होते. ढोबळ हिशेब करून पाहा. पंधरा पौंडांच्या गोळ्यात एक इंच व्यासाचे, अडीच इंच खोल भोक पाडले तर सुमारे 40 ग्रॅम माल जातो. अंगठ्याच्या सव्वा इंची भोकातून 60 ग्रॅमच्या वर. तिन्ही मिळून दीडशे ग्रॅमच्या आसपास, तेही सगळे एकाच बाजूने. कारखानदार हे जाणून त्या बाजूला आधीच दोन-तीन औंस वजन जास्त ठेवतात, आणि गोळ्याच्या खोक्यावर तसे छापतात. आता तीच भोके बुजवली की वजन परत येते, पण तेवढेच नव्हे आणि त्याच जागी नव्हे. ड्रिलने गाभ्याचा तुकडा खाल्ला असेल तर तिथे आता साधे रेझिन बसलेले असते, वेगळ्या घनतेचे. बाहेरून गोळा अखंड दिसतो, आतला आकार मात्र पूर्वीचा राहत नाही. म्हणून बुजवलेला गोळा पुन्हा पाडण्याआधी खास तराजूवर ठेवून कोणती बाजू किती जड आहे ते नव्याने तोलावे लागते. खोक्यावरच्या आकड्यांचा उपयोग संपलेला असतो.

आणि भराव जर गोळा पट्टीला टेकतो त्या वाटेवर आला, तर? कवच पकड घेणारे आणि भराव गुळगुळीत, त्यामुळे दर फेऱ्याला तेवढ्या जागी गोळा निसटतो. फार नाही, पण अटीतटीच्या सामन्यात एखादी पिन उभी राहायला तेवढे पुरते. म्हणून गोळ्याची वाट कुठून जाते हे तेलाच्या रेघांवरून पाहून ठेवणे हे ह्या कामातले अर्धे ज्ञान.

ह्या वजनांवर अमेरिकेतल्या नियामक संस्थेचे फार बारीक लक्ष असते, आणि त्याला कारण आहे. ह्या खेळात माणसे गोळ्याशी काय काय करत आली आहेत! 1973 साली डॉन मॅक्यून नावाच्या व्यावसायिक खेळाडूने गोळा एका रसायनात भिजवून त्याचे कवच मऊ केले, पट्टीवर त्याला जबरदस्त पकड मिळाली, आणि त्या एका हंगामात त्याने सहा अजिंक्यपदे पटकावली. त्यानंतर कवचाच्या टणकपणाला नियम आला. पुढे गोळ्यात चौथे भोक पाडण्याची प्रथा पडली. त्यात बोट घालायचे नसे. वजन काढून तोल साधायचा, आणि गोळ्याचे वळण हवे तसे बदलायचे, एवढ्यासाठीच ते असे.

टेक्सासमधील आर्लिंग्टन येथे जिचे कार्यालय आहे त्या युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेसने हे तोलाचे भोक 1 ऑगस्ट 2020 पासून बंद केले. नियम 2018 मध्येच जाहीर झाला होता, म्हणजे लोकांना दोन वर्षांचा अवधी मिळाला. नव्या नियमाप्रमाणे गोळ्यातले प्रत्येक भोक दर फेकीला धरण्यासाठी वापरलेच पाहिजे. त्याच्या बदल्यात दहा पौंडांवरच्या गोळ्यांना तोलाची सवलत वाढवली. दोन बाजूंच्या वजनात पूर्वी आडव्या दिशेने एकच औंस फरक चाले, तो आता कोणत्याही दिशेने तीन औंस चालतो. तीन औंस म्हणजे आपले सव्वासात तोळे.

नियम चार ओळींचा, पण त्याने ज्या ज्या गोळ्याला चौथे भोक होते तो प्रत्येक गोळा अधिकृत सामन्यांसाठी बाद ठरला. बुजवला तरच चालणार! घरात चार-पाच गोळे बाळगणाऱ्या हौशी खेळाडूंना त्याचा चांगलाच भुर्दंड बसला. आणखी एक गोष्ट झाली. अलीकडे दोन हातांनी गोळा फेकण्याची पद्धत तरुण मुलांत पसरली आहे. ऑस्ट्रेलियाचा जेसन बेलमॉन्टी असाच खेळतो, आणि 2019 मध्ये त्याने मोठ्या स्पर्धांतल्या विजेतेपदांचा जुना विक्रम मोडला, तेव्हापासून तर ह्या पद्धतीला नावे ठेवणारेही गप्प झाले. हे खेळाडू अंगठा भोकात घालत नाहीत. न वापरलेले अंगठ्याचे भोक नव्या नियमाने तोलाचेच भोक ठरते. म्हणून अशा मुलाने कोणाचा जुना गोळा घेतला तर अंगठ्याचे भोक बुजवल्याखेरीज तो सामन्यात चालत नाही. तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या मराठी कुटुंबांतली मुले शाळांच्या बोलिंग संघांतून खेळत असतील, तर त्यांच्या आईवडिलांनी जुना गोळा घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी. बऱ्याच राज्यांत शाळांचे असे संघ असतात.

मग गोळा बुजवून घ्यावा की नवा घ्यावा? माझे मत विचाराल तर ते गोळ्यावर अवलंबून आहे. साध्या प्लॅस्टिकच्या गोळ्याची तीन भोके बुजवून पुन्हा पाडण्यात जी मजुरी जाते, तिच्यात थोडी भर घालून तसाच नवा गोळा येतो. तिथे हा उद्योग करू नये. सामन्यांचा चांगला गोळा असेल, कवच जिवंत असेल, कुठे तडा नसेल, तर एकदा बुजवायला हरकत नाही. दुसऱ्यांदा बुजवलेल्या गोळ्याच्या वाटेस मी जाणार नाही. त्याच्या पोटात गाभा किती आणि ठिगळे किती हे सांगणे कठीण. विकत घेण्यापूर्वी गोळा उजेडात धरून बोटांच्या भोकांमधली भिंत नखाने चाचपून पाहावी. नख अडले तर तिथे तडा आहे असे समजावे. आणि पुष्कळदा सगळे बुजवण्याची गरजच नसते. वीत जुळत असेल तर बोटांच्या नळ्या आणि अंगठ्याचा दंडगोल बदलूनच काम होते. हे कारागिराने आधी सांगायला हवे. न सांगणारेही भेटतात.

वडिलांच्या गोळ्याचे मात्र वेगळे आहे. तिकडे गोळ्यावर, भोकांच्या वरच्या अंगाला, मालकाचे नाव कोरून घेण्याची रीत आहे. अशा गोळ्याचा हिशेब मजुरीने होत नाही. तो बुजवायला देताना नावाची जागा दाखवून द्यावी. नवी आखणी नावापासून दूर करता येते, आणि घासताना ती अक्षरे पुसट होऊ नयेत म्हणून कारागीर ती घासण्याआधी पुन्हा थोडी खोल करून घेतो, मग त्यांत रंग भरतो. असा गोळा घरी आणल्यावर मोटारीच्या डिकीत ठेवू नये. बंद डिकीतल्या उन्हाने आणि तिकडच्या हिवाळ्यातल्या गोठवणाऱ्या रात्रींनी कवच आणि भराव वेगवेगळ्या मापाने फुगतात, आकसतात, आणि पहिला सांधा सुटतो तो भरावाच्या कडेचा. घरात, पिशवीत, जमिनीवर ठेवावा. एकाच बाजूवर महिनोन् महिने टेकून राहू नये म्हणून मधूनमधून फिरवून ठेवला की झाले.